न सांडणारी नळी, पण कुणासाठी?

घाट या शब्दाचे आपल्या मराठीत दोन अर्थ. एक डोंगरातला, एक नदीकाठचा. कन्नडातही तसंच आहे. चोर्ल्याची वळणं घेत चढतो तो घट्ट आणि धर्मस्थळाला नेत्रावतीच्या काठी आंघोळ करतो ती स्नानघट्ट. त्यामुळे "आम्ही रामघाटावर जाऊन आलो" असं मी बेळगावात सांगितलं, तेव्हा निम्म्या लोकांना वाटलं, मी आपल्या रामघाट रोडला फिरायला गेले होते. बेळगावहून पश्चिमेला सह्याद्री उतरून खाली कोकणाकडे जाणारा जुना रामघाट, त्याच्यावरून त्या रस्त्याला नाव पडलं. मी सांगत होते तो रामघाट उज्जैनचा, क्षिप्रेच्या काठचा, दगडी पायऱ्यांचा. गंमत अशी की आजच्या विषयात हे दोन्ही प्रकारचे घाट कामाला येणार आहेत.

विषय आहे लहान मुलांच्या पाणी पिण्याच्या नळीचा. त्या नळीला आपण सगळेच आता स्ट्रॉ म्हणतो आणि ती बसवलेल्या बाटलीला सिपर. या पानाकडे येणाऱ्या पत्रांमध्ये तरुण आयांचा एक प्रश्न हमखास असतो : "न सांडणारा सिपर कोणता घ्यावा?" चिकोडीची आई विचारते, सांगलीची विचारते, धारवाडला दिलेली आपली लेक विचारते. प्रवास, देवदर्शन, लग्नकार्य, शाळेची बस, सगळीकडे सांडण्याची धास्ती. आमच्या घरी तर ती दोन भाषांत आहे. मी म्हणते, "सांडू नकोस रे." सूनबाई धारवाडची, ती म्हणते, "नीर चेल्लब्याड, पुट्टा." आणि अडीच वर्षांचा पुट्टा दोघींचं नीट ऐकून घेऊन सांडायचं ते सांडतोच.

उज्जैनला आमच्या घरातली पुरुषमंडळी पितरांच्या तर्पणात गुंतली होती. वनवासात असताना प्रभू रामचंद्रांनी दशरथाचं श्राद्ध याच ठिकाणी केलं, म्हणून हा रामघाट, अशी श्रद्धा आहे. आपल्या माणसांचे धागेही या गावाशी बरेच जुळलेले. शिंद्यांची राजधानी ग्वाल्हेरला जाण्यापूर्वी इथेच होती. अठराव्या शतकात महाकाळाचं देऊळ पुन्हा उभं केलं ते राणोजी शिंद्यांचे दिवाण रामचंद्रबाबा यांनी. गोपाळ मंदिर बायजाबाई शिंद्यांचं. आजही देवास, इंदूर, उज्जैन या पट्ट्यात मराठी बोलणारी कितीतरी घरं आहेत, आणि घाटावर "अगो, इकडे बस" अशी हाक ऐकली की आपण माहेरी आल्यासारखं वळून बघतो. असो. मला तर्पणात काम नव्हतं, नातवाला सांभाळायचं होतं. तेव्हा दोन संध्याकाळी पायऱ्यांवर बसून मी एकच गोष्ट पाहत होते. लहान मुलं पाणी कशी पितात?

कुणाच्या गळ्यात कार्टूनची वॉटरबॅग, कुणाच्या हातात घट्ट झाकणाचा महागडा सिपर, कुणी शहाळ्यात नळी घालून पाण्याचे बुडबुडे काढतोय, कुणाला आजी स्टीलच्या भांड्यानं पाजतेय. समोर दत्त आखाड्याच्या बाजूनं येणाऱ्या साधूंच्या हातात कमंडलू. मनात आलं, या सगळ्यांत न सांडणारं भांडं कोणतं? उत्तर सोपं होतं, कमंडलू. बूड रुंद, पोट मोठं, तोंड लहान. आपल्या तांब्याचंही तेच. गळा आवळलेला असला की पाणी हिंदकळलं तरी बाहेर पडत नाही. हजारो वर्षांपूर्वी कुंभारानं आणि तांबटानं सोडवलेला हा प्रश्न आपण मुलांसाठी पुन्हा प्लास्टिकमध्ये सोडवायला बसलो आहोत.

आता नळी सांडते का, ते आधी पाहू. कारण समजल्याशिवाय उपाय घेतला की तो बहुधा महाग आणि चुकीचा पडतो.

पहिलं कारण ऊन. उन्हाळ्यात उज्जैन चाळिशी पार करतं. सकाळी आईनं बाटलीत पाणी भरलं, समजा २५ अंशांचं. मूल अर्धी बाटली प्यायलं. नळी दुमडून झाकण लावलं. पाठीवरच्या पिशवीत ती बाटली उन्हानं ४५ अंशांपर्यंत तापली. अर्ध्या लिटरची बाटली निम्मी रिकामी म्हणजे आत पाव लिटर हवा. एवढ्या तापमानाच्या फरकानं ती हवा सात टक्क्यांच्या आसपास फुगू पाहते, पण तिला बाहेर पडायला वाट नाही. मग ती पाण्यावर दाबून बसते. मुलानं नळी उभी केली रे केली, की पंधरा मिलिलिटर, म्हणजे तीन चहाचे चमचे पाणी कारंज्यासारखं वर येतं. आत तयार झालेली वाफ धरली तर आणखी जास्त. आई म्हणते, "सांडलंस ना?" आणि पोर बिचारं बघत राहतं. त्यानं काहीच केलेलं नसतं.

दुसरं कारण आपल्या डोंगरातल्या घाटाचं. बेळगाव समुद्रसपाटीपासून सुमारे साडेसातशे मीटर उंच. पणजीहून चोर्ला घाट चढून आलात तर बाहेरच्या हवेचा दाब आठ-नऊ टक्क्यांनी कमी झालेला असतो. बाटलीतली हवा मात्र पणजीची. ती दाबमोकळी व्हायला बघते आणि वर आल्यावर नळी उघडली की तेच कारंजं. गोव्याहून परतताना गाडीची सीट ओली झाल्याचा अनुभव पुष्कळांना असेल. नदीचा घाट असो की डोंगराचा, खोडी आतल्या हवेची आहे.

यावरचा उपाय फुकटचा आहे. नळी उघडण्याआधी झाकण अर्धा फेरा सैल करायचं. फुस्स झालं की पुन्हा आवळायचं आणि मगच नळी उभी करायची. आणखी एक : प्रवासात बाटली जितकी भरलेली तितकी ती कमी थुंकते, कारण फुगायला आत हवाच थोडी असते. अर्धी झाली की भरून घ्यावी.

तिसरं कारण बाटली आडवी किंवा उलटी होणं. सिपर बनवणाऱ्यांनी यावरच सगळं डोकं चालवलं आहे. नळीच्या तोंडाशी रबराचा एक पडदा बसवतात आणि त्याला बारीक चीर देतात. मुलानं ओढलं की चीर उघडते, सोडलं की मिटते. आता ओढलेल्या पाण्याच्या जागी आत हवा जायला हवी, नाहीतर दोन घोटांनंतर पाणीच येत नाही. म्हणून झाकणात एक बारीक श्वासछिद्र ठेवतात आणि त्यातून पाणी गळू नये म्हणून तिथेही एकाच बाजूला उघडणारा पडदा. हवा आत येते, बाहेर जात नाही. आता वर सांगितलेलं ऊन आणि चढण आठवा. जो पडदा उलट्या बाटलीतून पाणी गळू देत नाही, तोच तापलेली हवाही कोंडून ठेवतो. एक गळती बंद केली की दुसरी तयार होते ती अशी. जो सिपर उलटा धरून दुकानदार आपल्याला दाखवतो, तोच कारंजं उडवण्यात पहिला नंबर काढतो.

या नळीचा इतिहास मोठा मजेचा आहे. इंग्रजीत स्ट्रॉ म्हणजे गवताची काडी. पूर्वी पाश्चात्त्य देशांत राय नावाच्या धान्याच्या पोकळ काडीनं सरबत पीत. ती पेयात भिजून फुटायची आणि गवताची चव उतरायची. अमेरिकेत वॉशिंग्टनच्या मार्विन स्टोन यांचा सिगारेटच्या कागदी नळ्या करण्याचा धंदा होता. त्यांनी पेन्सिलीभोवती कागदाची पट्टी गुंडाळून नळी केली आणि १८८८ साली तिचं पेटंट घेतलं. पुढे सॅन फ्रान्सिस्कोमध्ये जोसेफ फ्रीडमन यांनी आपल्या लहानग्या मुलीला मिल्कशेक पिताना पाहिलं. उंच पेला, सरळ नळी आणि नळीपर्यंत न पोचणारं तोंड. त्यांनी नळीत स्क्रू घातला, त्याच्या आट्यांवर दोरा आवळला आणि स्क्रू काढून घेतला. नळीला वळ्या पडल्या, ती वाकू लागली. १९३७ साली त्यांना पेटंट मिळालं. पण १९४७ साली या वाकड्या नळीचं पहिलं गिऱ्हाईक झालं ते मुलांचं दुकान नव्हे, तर रुग्णालय. पलंगावर पडलेल्या, मान उचलता न येणाऱ्या माणसाला तिचा खरा उपयोग होता.

दुसरी गोष्ट इंग्लंडच्या मँडी हॅबरमन यांची. त्यांच्या मुलीला जन्मतः एक व्यंग होतं, त्यामुळे तिला दूध ओढता येत नसे. त्या आईनं अशा बाळांसाठी खास बाटली तयार केली. बाळाचा जोर कमी असला तरी दूध येईल आणि पाजणाऱ्याला ते हातानं कमी-जास्त करता येईल, अशी. नंतर १९९० च्या सुमारास एका घरी लहान मूल रस घेऊन गालिच्यावर फिरताना त्यांनी पाहिलं आणि चीर असलेल्या पडद्याचा न सांडणारा कप बनवला. दुकानदार लक्ष देईनात. तेव्हा रसानं भरलेला कप पांढऱ्या खोक्यात तसाच ठेवून एका मोठ्या दुकानसाखळीला पाठवून दिला, अशी हकिकत सांगतात. खोकं कोरडं पोचलं आणि कप विकला गेला. नक्कल करणाऱ्या कंपनीविरुद्धचा खटलाही त्यांनी १९९९ साली जिंकला.

मला या बाईंच्या दोन वस्तू शेजारी ठेवून बघाव्याशा वाटतात. पहिली वस्तू बाळासाठी होती. दुसरी, खरं सांगायचं तर, गालिच्यासाठी होती. दोन्ही चांगल्या. पण आपण बाजारात जातो तेव्हा आपल्याला कोणती हवी असते? रामघाटावर गालिचा नाही. सांडलं तर दगडावर सांडतं आणि दोन मिनिटांत वाळतं. तिथे महत्त्वाचं एकच, मुलाच्या पोटात पाणी जावं. उन्हात तहानलेलं मूल रडत नाही, ते गप्प होतं, मलूल होतं, आणि गर्दीत ते कुणाच्या लक्षातही येत नाही.

दुसऱ्या संध्याकाळी माझ्या शेजारी एक मराठी बाई येऊन बसल्या. माळव्यात तीन पिढ्या राहिलेलं घर. सोबत नऊ-दहा वर्षांचा मुलगा, मान एका बाजूला झुकलेली, हातापायांवर ताबा नाही. जन्माच्या वेळी मेंदूला प्राणवायू कमी पडला, असं त्यांनी सांगितलं. त्यांनी पिशवीतून सिपर काढला, त्याच्या गळ्याखाली नॅपकिन बांधला, मान हलकेच सरळ धरली आणि नळी ओठांत दिली. पाणी थोडं आत गेलं, थोडं नॅपकिनवर आलं. मी पुट्टाच्या सिपरकडे बघून म्हटलं, "हा घेऊन बघा ना, याच्यातून अजिबात गळत नाही." त्या हसल्या. म्हणाल्या, "ताई, असे चार झाले घेऊन. जितका न सांडणारा, तितका ओढायला कडक. याला ओढवतच नाही. मग मी आतला रबर कात्रीनं कापूनच टाकला. आता सांडतं, पण पोटात जातं."

हे ऐकल्यावर मी पुट्टाचा सिपर स्वतः ओढून पाहिला. वाचकहो, तुम्हीही घरी बघा. मोठ्या माणसालाही गाल आत घ्यावे लागतात. साध्या नळीतून दहा-बारा सेंटिमीटर पाणी वर आणायला अगदी थोडी ओढ पुरते. पडदा बसवला की ती चीर उघडण्याची ताकद वर द्यावी लागते. धडधाकट मूल ती देतं, पण कंटाळून लवकर सोडतं. आजारी, अशक्त किंवा टाळूला फट असलेलं मूल ती देऊच शकत नाही.

मग सांडणंही कमी आणि ओढणंही सोपं, असं काही होणार नाही का? होतं, आणि ते आपल्या शेतकऱ्यांना चांगलं माहीत आहे. विहिरीवरच्या पंपाच्या पाइपला तळाशी काय असतं? फूटव्हॉल्व्ह. तो पाणी वर येऊ देतो, खाली परतू देत नाही. त्यामुळे पाइप भरलेला राहतो आणि दर वेळी पंपात पाणी ओतावं लागत नाही. अगदी तसाच छोटा व्हॉल्व्ह नळीच्या बुडाशी बसवलेल्या नळ्या आता मिळतात. एकदा नळी भरली की ती भरलेलीच राहते. मुलाला दर घोटाला तळापासून पाणी ओढून आणावं लागत नाही, ओठ लावताच पाणी तोंडाशी. शिवाय हवा कमी गिळली जाते. नळी भरलेली राहते म्हणून तोंड काढल्यावर थेंब-दोन थेंब गळतात, एवढंच. पण थोडं सांडतं आणि जास्त प्यायलं जातं, हा सौदा मला पटतो. गिळण्याचाच त्रास असलेल्या मुलाला मात्र डॉक्टरांना किंवा थेरपिस्टना विचारल्याशिवाय कोणतीच नळी देऊ नये. पातळ पाणी भसकन घशात गेलं तर ठसका लागून ते श्वासनलिकेत उतरू शकतं.

नळीच्या जाडीचाही विचार करावा. प्वाझय नावाच्या फ्रेंच डॉक्टरनं १८४० च्या सुमारास बारीक काचेच्या नळ्यांवर प्रयोग करून एक नियम शोधला. नळीचा व्यास निम्मा केला, तर तेवढ्याच ओढीला संथ वाहणारा द्रव निम्मा नव्हे, सोळाव्या हिश्श्याइतकाच येतो. म्हणून बारीक नळीतून सांडतंही कमी आणि येतंही कमी. पाण्याला बारीक नळी चालेल. आपलं नाचणीचं आंबील, म्हणजे सूनबाईंची अंबली, द्यायची तर रुंद नळी हवी, नाहीतर सरळ भांडं.

आता स्वच्छतेचं. आपल्या दोन्ही भाषांतल्या घरांत एक शिस्त सारखीच आहे, वरून पाणी प्यायची. मराठीत उष्टं, कन्नडात एंजलु. भांड्याला तोंड लावायचं नाही. नळी हा या शिस्तीच्या बरोबर उलटा प्रकार. मूल ओढणं थांबवतं तेव्हा नळीतलं पाणी खाली परततं आणि सोबत लाळ, बिस्किटाचा चुरा घेऊन जातं. पाण्याला हे थोडा वेळ चालतं. दूध, रस, ताक यांना चालत नाही, उन्हात तर मुळीच नाही. रबराच्या पडद्यामागे, चिरेत, दुमडीत चिकट थर बसतो, मग काळे ठिपके दिसतात. जितके भाग जास्त, तितकी घाण लपायला जागा जास्त. काही सिपर तर उघडतच नाहीत. जे उघडून बघता येत नाही, ते धुता येत नाही, आणि जे धुता येत नाही, ते मुलाच्या तोंडात देऊ नये. एवढा नियम पाळला तरी निम्मे सिपर दुकानातच राहतील. आपल्या देशात दुधाच्या बाटलीच्या जाहिरातीला १९९२ च्या कायद्यानं बंदी घातली, २००३ साली तो आणखी कडक केला. त्यामागे आईच्या दुधाचं रक्षण होतं आणि बाटलीतून होणाऱ्या जुलाबाचा अनुभवही होता. सिपरला जाहिरात मोकळी आहे, जंतू मात्र तेच आहेत.

आणि इजा. रामघाटाच्या पायऱ्या ओल्या, शेवाळलेल्या. त्यावरून नळी तोंडात धरून पळणारं पोर पाहिलं की माझ्या पोटात गोळा येतो. अमेरिकेत १९९१ ते २०१० या वीस वर्षांत तीन वर्षांखालच्या सुमारे ४५ हजार मुलांना बाटली, चोखणी किंवा सिपरमुळे झालेल्या इजांसाठी रुग्णालयाच्या तातडीच्या विभागात न्यावं लागलं, असा अभ्यास २०१२ साली प्रसिद्ध झाला. बहुतेक इजा तोंडाच्या, बहुतेक पडल्यामुळे, आणि सर्वांत जास्त मुलं एक वर्षाच्या आसपासची, म्हणजे नुकती चालू लागलेली. स्टीलची नळी तर लहान मुलाला नकोच. २०१६ साली एका मोठ्या अमेरिकी कॉफी कंपनीनं मुलांच्या तोंडाला जखमा झाल्यावर सुमारे २५ लाख स्टीलच्या नळ्या परत मागवल्या होत्या.

आपल्याकडे १ जुलै २०२२ पासून एकदाच वापरायच्या प्लास्टिकच्या नळीवर बंदी आली. घाटांची आणि नद्यांची अवस्था पाहता ती हवीच होती. कागदी नळी शहाळ्यापुरती ठीक आहे. पण मूल ती चावतं आणि तिचा लगदा करतं. मऊ सिलिकॉनची, धुऊन वापरायची नळी हा मुलांसाठी बरा पर्याय आहे. ती वाकते, टोचत नाही आणि उकळून घेता येते.

पण नळीच पाहिजे का? आपल्या जुन्या घरांत बाळाला वरचं दूध किंवा औषध पाजायला बोंडलं असे. सूनबाईंच्या माहेरी ते अजून आहे, चांदीचं, तिच्या आजीचं. त्याला त्यांच्याकडे ओळले म्हणतात, कुणी नुसतं ओळ्ळे. छोटीशी वाटी आणि तिला पुढे काढलेली चोच. झडप नाही, पडदा नाही, कोपरा नाही. एका बोटानं घासून धुता येतं आणि किती गेलं ते डोळ्यांना दिसतं. गंमत म्हणजे तमिळ घरांतलं हेच भांडं, पालाडै, आज आपल्या देशातल्या नवजात बाळांच्या विभागात कमी वजनाच्या बाळांना दूध पाजायला वापरतात. सांडतं का? थोडं सांडतं. पण चोखायची ताकद नसलेल्या बाळाच्या पोटात दूध जातं. घाटावर भेटलेल्या त्या बाईंनी कात्रीनं जे केलं, ते बोंडल्यात आधीपासूनच केलेलं आहे.

आता विचारणाऱ्या सगळ्या लेकींना थोडक्यात सांगते. सहा महिन्यांनंतर पाणी सुरू कराल तेव्हा बोंडल्यानं, वाटी-चमच्यानं किंवा लहान भांड्यानं करा. बहुतेक मुलं वर्षाच्या आगेमागे नळी शिकतात. शिकवायचं तर नळी पाण्यात बुडवून वरच्या टोकावर बोट दाबा, पाणी नळीत अडकून राहील. खालचं टोक मुलाच्या ओठांत द्या आणि बोट हलकेच उचला. दोन-चार दिवसांत त्याच्या ध्यानात येतं. घरी उघडं भांडंच ठेवा. सांडून सांडूनच हात स्थिर होतो. सिपर प्रवासापुरता. घेताना दुकानात चार गोष्टी बघा. सगळे भाग सुटे होतात का? नळीत ब्रश जातो का? टोक मऊ आणि आखूड आहे का? आणि स्वतः ओढून बघा, तुमचे गाल आत जात असतील तर मुलासाठी तो नको. त्यात फक्त पाणी भरा. उन्हात झाकण आधी सैल करा. पायऱ्यांवर बसूनच प्यायचं, चालताना नाही.

उज्जैनचा पुढचा सिंहस्थ २०२८ साली आहे. मागचा २०१६ चा एप्रिल-मे महिन्यांत, ऐन उन्हाळ्यात झाला होता. आपल्या भागातूनही कितीतरी कुटुंबं कडेवर मुलं घेऊन जातील. आपल्या उद्यमबागेत हायड्रॉलिक्सचे नाना तऱ्हेचे व्हॉल्व्ह बनतात, इकडचा माल देशभर जातो. तिथल्या कुणी जाणत्या माणसानं दोनच भागांची, उघडून धुता येईल अशी, तळाशी फूटव्हॉल्व्ह असलेली मुलांची नळी करून पाहावी, अशी माझी विनंती आहे. मात्र करताना दुकानात उलटी धरून दाखवायचं मूल डोळ्यांपुढे ठेवू नका, मान न धरता येणारं मूल ठेवा. त्याला जी जमेल, ती सगळ्यांना जमेल.

आणि तुमच्या घरी जुनं बोंडलं किंवा ओळले असेल तर जरूर कळवा. ते कशाचं आहे, कुणाकडून आलं आणि तुमच्याकडे त्याला काय म्हणतात, तेही लिहा. सीमेच्या दोन्ही बाजूंची नावं एकदा याच पानावर एकत्र मांडू या.